पानवाली, चंद्रवाली आणि कंपनीवाली

झीलँड, मिशिगन
२ ऑक्टोबर २०२३

आर्लिसताई,

पाकिटावरचं नाव वाचूनही तुम्ही हे उघडलंत, म्हणून आधी आभार मानते. मी कॉरिन, गेरिटची बायको. दहा वर्षांपूर्वी या जागी तुम्ही होतात, याची आठवण मला कुणी करून द्यायला नको.

सरळच सांगते. माझी पाळी जायला लागली आहे. ऑगस्टमध्ये पन्नास पूर्ण झाली. दिवसातून दहा-बारा वेळा अंगातून वाफा निघतात, छातीत धडधडतं, सलग दोन तास झोप नाही. डोक्याचं तर विचारूच नका. गेल्या आठवड्यात दुकानातून एका मयताच्या फुलांवर लग्नाच्या शुभेच्छांची चिठ्ठी लावून पाठवली. ट्रूडीला, म्हणजे आमच्या मालकिणीला, त्या घरी जाऊन माफी मागावी लागली. परत आल्यावर ती म्हणाली, "आणखी एकदा असं झालं तर काउंटरवर मी दुसरी बाई बघेन."

इथले डॉक्टर म्हणतात, वय झालं की असं व्हायचंच. ग्रँड रॅपिड्सच्या डॉक्टरबाईंकडे मार्चपर्यंत जागा नाही. म्हणून व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टर शोधल्या. तीन ठिकाणं सापडली. एकीच्या जाहिरातीवर चंद्र आहे, एकीच्या जाहिरातीवर पान, आणि तिसरी गेरिटच्या कारखान्यानेच कामगारांच्या घरच्यांसाठी लावून दिलेली. पहिल्या दोघी सांगतात की विमा चालतो, तिसरी फुकट आहे. कुणावर विश्वास ठेवायचा? तुम्ही बावीस वर्षं विमा कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसलात. या बाबतीत तुमच्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.

आणखी एक गोष्ट, आणि तीच खरी. गेरिटला हे कळता कामा नये. तुमचं हे सुरू झालं आणि वर्षाच्या आत त्याने तुम्हाला सोडलं. घर त्याच्या नावावर आहे, विमा त्याच्या नावावर आहे, आणि फुलं बांधून माझं पोट भरणार नाही. चर्चमधल्या कुणाला विचारावं तर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाईल. हेंड्रिकाबाईंना तुम्ही ओळखताच.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट ट्रूडी उघडत नाही.

तुमची,
कॉरिन


एस्कनाबा
११ ऑक्टोबर

कॉरिन,

ताई म्हणू नकोस. तुझी ताई व्हावं एवढं मोठं पाप माझ्या हातून अजून घडलेलं नाही.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी कॉफी करून घेतली आणि खिडकीशी बसून वाचलं. मयताच्या फुलांवर लग्नाची चिठ्ठी, तिथे इतकं हसले की शेजारच्या म्हातारीने भिंत ठोठावली.

आता माझी एक आठवण ऐक. २०१३ सालचा वसंत. बायकांचं चहापान होतं, चर्चच्या तळघरात. माझा निळा ड्रेस पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम गळतोय, आणि मी हॅमचे पाव कापत उभी. तू फुलं घेऊन आलीस आणि पिशवीतून रिबन बांधलेली पेटी काढलीस. म्हणालीस, "आर्लिसबाई, हे खास तुमच्यासाठी शोधून आणलंय." आत गळ्यात अडकवायचा, बॅटरीवर चालणारा पंखा. बारा बायका हसल्या, हेंड्रिका सगळ्यात मोठ्याने. मी तो गळ्यात अडकवला आणि चालू केला, कारण नाहीतर रडले असते. त्या दिवसांत तू आठवड्यातून दोनदा तळ्यावरच्या आमच्या घरी जात होतीस, हे मला पुढे जूनमध्ये कळलं. पंखा अजून आहे माझ्याकडे. चालतो.

गेरिटची काळजी करू नकोस. तो भांडत नाही, ओरडत नाही. जायचं ठरवलं की एवढंच म्हणतो, "काही दिवस तळ्यावर राहतो, तिथला नळ गळतोय." नळ गळत नसतो. तुला ठाऊकच आहे, तू तिथेच होतीस.

डॉक्टर म्हणशील तर चंद्रवाली घे. लगेच वेळ मिळतो. उगाच विचार करत बसू नकोस.

आर्लिस


झीलँड
२४ ऑक्टोबर

आर्लिसबाई,

घेतली चंद्रवाली. गेल्या मंगळवारी दुपारी ट्रूडी बँकेत गेल्यावर फोन घेऊन दुकानाच्या मागच्या थंड खोलीत गेले. आम्ही फुलं ठेवतो त्या. हल्ली मला बरं वाटतं ते तिथेच. बादल्यांच्या मधे उलटा क्रेट मांडून बसले. दोन पानं भरून त्रासांची यादी केली होती. डॉक्टर दिसल्या, हसल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आत्ता तुम्ही कोणत्या राज्यात बसलेल्या आहात?"

मी म्हटलं, मिशिगन.

त्या म्हणाल्या, "सॉरी, माझा परवाना ओहायो आणि इंडियानाचा आहे. तुम्ही तिथे बसलेल्या असाल तरच मला तुम्हाला तपासता येतं." आणि पडदा बंद. मिनिटसुद्धा झालं नाही. यादी माझ्या हातात तशीच राहिली. फी गेली ती गेलीच, आणि विमा कंपनी म्हणते की ही आमच्या यादीतच नाही.

बावीस वर्षं त्या टेबलावर बसलेल्या बाईला हे ठाऊक नसेल, असं मला सांगू नका. तुम्ही मला मुद्दाम त्या बादल्यांमध्ये बसवलंत.

तरी पुन्हा विचारतेय, यावरूनच माझी काय गत झालीय ते ओळखा. रविवारपासून गेरिट दुसऱ्या खोलीत झोपतो. चादरी ओल्या होतात म्हणे. प्रवचन चालू असताना मी चर्चच्या पत्रकाने वारा घेत होते, तर सासूबाईंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि त्या जागी पेपरमिंटची गोळी ठेवली. मग गेरिटकडे बघितलं. त्यानेही बघितलं. आर्लिसबाई, मला भीती वाटते. महिन्याभरात मला बरं व्हायचं आहे, कुणाला काही कळायच्या आत.

त्या पंख्याबद्दल मला माफ करा. मी तेव्हा चाळिशीची होते आणि मला वाटायचं की असलं काही तुमच्यासारख्या बायकांनाच होतं.

कॉरिन


एस्कनाबा
२ नोव्हेंबर

कॉरिन,

हो, ठाऊक होतं. डॉक्टरचा परवाना आपण बसलोय त्या राज्याचा लागतो, हे मी दिवसातून चार वेळा लोकांना सांगायचे. ओहायोच्या सीमेपलीकडे गाडी उभी करून व्हिडिओवर डॉक्टर बघणाऱ्या बायका आहेत. तुला नाही सांगितलं. बादल्यांमध्ये बसलेली तू चार दिवस माझ्या डोळ्यांपुढे होतीस आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि हसू आलं नाही. मलाही चाळिशीत तसंच वाटायचं. माझ्या आधी गेरिटची कुणी बायको नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता लक्ष देऊन वाच.

पानवाली घे. तिच्या डॉक्टरांकडे मिशिगनचा परवाना आहे, त्या विम्याच्या यादीत आहेत, औषधं लिहून देतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात. बाई चांगल्या आहेत. मीच तिथे जाते. पण तिची एक गोम आहे. प्रत्येक भेटीनंतर विमा कंपनी एक कागद पाठवते. कुणाला तपासलं, कोणत्या तारखेला, कशासाठी, सगळं छापून. आणि तो कागद बाईच्या नावाने येत नाही, ज्याच्या नावावर विमा आहे त्याच्या नावाने येतो. दहा वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांच्या कागदाचं तसंच झालं. गेरिटने तो कागद रविवारच्या जेवणाला टेबलावर वाचून दाखवला, आईच्या देखत. वाटाण्याचं सूप होतं. दिवसभर लोकांना त्यासाठीचा अर्ज भरायला सांगणारी मी, माझा स्वतःचा भरला नव्हता. नवऱ्यापासून काय लपवायचं, असं वाटलं होतं.

तर तो अर्ज भर. विमा कंपनीला लिहायचं, की माझे कागद वेगळ्या पत्त्यावर पाठवा. त्यांना नाही म्हणता येत नाही. दहा दिवसांत नव्या पत्त्यावर मंजुरीचं पत्र येतं. ते आल्याशिवाय पहिली भेट घेऊ नकोस. दुकानाचा पत्ता देऊ नकोस. छापील पाकिटं ट्रूडी बिलं समजून नाव न बघताच उघडते, मी तिथे गिऱ्हाईक होते तेव्हाही उघडायची. माझा पत्ता दे. इथे गेरिट कधी पाऊल टाकणार नाही. आलेलं पाकीट मी दुसऱ्या पाकिटात घालून, वर हाताने पत्ता लिहून तुला दुकानात पाठवेन.

कंपनीवाली फुकट आहे आणि तिचा विम्याचा कागद येत नाही, ते खरं आहे. पण तिथे नाव नोंदवलं की स्वागताच्या भेटवस्तूंचं खोकं घरी येतं, कामगाराच्या नावाने, वर कारखान्याचा शिक्का. आणि हा नोव्हेंबर आहे, कॉरिन.

आर्लिस


झीलँड
९ नोव्हेंबर

आर्लिसबाई,

तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही सांगितलंत तसंच केलं. अर्ज भरला, तुमचा पत्ता दिला, सोमवारी टपालात टाकला. मंजुरीचं पत्र आलं की कळवा. तोपर्यंत पानवालीकडे वेळ घेत नाही.

तुमचं मन किती मोठं आहे हे मला आज कळलं. थँक्सगिव्हिंगला गेरिटकडचे सगळे आमच्याकडे आहेत, चौदा माणसं. टर्की, हॅम, बदामाचं सारण भरलेली बांकेट, सगळं मलाच करायचं आहे. त्यामुळे आता मधे पत्र लिहायला जमेलसं नाही.

तुमची ऋणी,
कॉरिन


झीलँड
२७ नोव्हेंबर

आर्लिस,

अर्ज मी पाठवलाच नव्हता. आता लपवून काय करू.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी थंड खोलीत जाऊन तीनदा वाचलं. मी म्हटलं, बाई एकदा मला खड्ड्यात ढकलून हसली, आणि आता म्हणते की तुझे आजारपणाचे सगळे कागद माझ्या घरी येऊ देत. कशासाठी? जमवायला. डिसेंबरात एक गठ्ठा बांधून गेरिटला पाठवायला, नाहीतर हेंड्रिकाबाईंना, नाताळच्या कार्डासोबत. तुझ्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं. म्हणून तू पान म्हणालीस तर मी पान सोडलं. कंपनीवालीला नको म्हणालीस, तर वाटलं, खोक्याची भीती खोटी आहे, तिथेच माझं भलं आहे. पुस्तिकेतही लिहिलं होतं की विम्याचा कागद येत नाही. घेतली कंपनीवाली. तुला खोटं लिहिलं, तू गाफील राहावीस म्हणून.

तिथे डॉक्टर नव्हत्याच, एक नर्सबाई होत्या, गोड. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांनी मला श्वास मोजायला शिकवलं.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला हवं का? तू पंचवीस वर्षं त्या टेबलाशी बसलीस. दर वर्षी कारखान्यातून कामगारांच्या घरी भेटीचं खोकं येतं, चीज, सॉसेज, कधी चादर. प्रार्थना झाली की ते हेंड्रिकाबाई उघडतात, सगळ्यांच्या देखत, आणि एकेक वस्तू वर धरून दाखवतात. या वर्षी कारखान्याच्या शिक्क्याची दोन खोकी आली होती. बुधवारी गेरिटनेच दारातून उचलून आत आणली. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, अंगातून वाफा निघत होत्या, खिडकीतून डोकं बाहेर काढून उभी होते. मला दुसऱ्या खोक्याचा पत्ताच नाही.

पहिल्यात चीज निघालं. दुसऱ्यातून हेंड्रिकाबाईंनी आधी एक पत्र काढलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "प्रिय गेरिट, आपल्या कुटुंबातील सदस्याने रजोनिवृत्तीच्या प्रवासात पहिलं पाऊल टाकल्याबद्दल अभिनंदन." मग उशीवर घालायचा गार अभ्रा. मग एक डायरी, घाम किती वेळा आला ते लिहायची. आणि सगळ्यात खाली गळ्यात अडकवायचा पंखा.

त्यांनी तो वर धरला. चौदा माणसं. मग म्हणाल्या, "आणखी एक पंखेवाली," आणि तो गेरिटच्या बहिणीकडे दिला, तिने पुढे दिला, असा हातोहात टेबलभर फिरत माझ्यापर्यंत आला. हसले सगळे. मी हातात टर्कीची सुरी घेऊन उभी होते. गेरिट हसला नाही. त्याने मला विचारलं, बटाटे आहेत का अजून.

शनिवारी सकाळी त्याने बॅग भरली. म्हणाला, "काही दिवस तळ्यावर राहतो." मी म्हटलं, नळाचं काय झालंय ते मला सांगू नकोस. तो दारात थांबला आणि फार शांतपणे म्हणाला, "तू तिच्याशी बोललीस वाटतं."

तळ्यावर कोण आहे ते मला ठाऊक नाही. कारखान्यात रंगाच्या विभागात एक नवी मुलगी आलीय, चौतिशीची, एवढं ट्रूडी म्हणाली. हे सांगताना ती मला काउंटरवरून काढत होती.

तू हे मुद्दाम केलंस. कसं ते मला कळत नाही, पण केलंस.

कॉरिन


एस्कनाबा
५ डिसेंबर

कॉरिन,

इथे परवापासून बर्फ पडतोय, टपाल उशिरा आलं. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं.

कसं केलं ते सांगते. तुला खरं सांगितलं.

दोन नोव्हेंबरच्या पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. पत्ता मनापासून दिला होता. तुझी पाकिटं ठेवायला मी फडताळातला एक खण रिकामा केला होता, आणि हे करताना मला माझाच राग येत होता. पत्र संपवून मी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, "मागच्या वेळी फसवलं, या वेळी नाही, शपथेवर सांगते." मग वाचून बघितलं. मला वाटलं, ही ओळ असली तर कॉरिन विश्वास ठेवेल. नसली तर ठेवणार नाही, आणि जे मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करेल. मग कात्री घेतली आणि कागदाची खालची पट्टी कापून टाकली. तुझ्याकडे ते पत्र असेल तर काढून बघ, ते पान आखूड आहे.

तुझं नऊ तारखेचं पत्र आलं, अर्ज पाठवला म्हणून. दहा दिवस वाट पाहिली. मंजुरीचं पत्र आलं नाही. वीस तारखेला मी समजले की तू खोटं लिहिलंयस, आणि कंपनीवाली घेतलीयस, आणि खोकं वाटेवर आहे. गुरुवारच्या जेवणाला तीन दिवस होते. ट्रूडीच्या दुकानाचा नंबर मला पाठ आहे. आमच्या लग्नाच्या पंचविशीची फुलं मी तिथूनच मागवली होती, तूच बांधली होतीस. एक फोन केला असता तर तू बुधवारी दारात उभी राहिली असतीस आणि ते खोकं उचलून थंड खोलीत नेऊन ठेवलं असतंस. मी फोन केला नाही. गुरुवारी बारा वाजता, हेंड्रिका प्रार्थना म्हणायला लागते त्या वेळेला, मी कोट घातला आणि फिरायला गेले.

मला वाटलं होतं बरं वाटेल. पहिल्या वेळेसारखं नाही वाटलं. पण वाईटही वाटलं नाही, आणि ते तुला कळवून ठेवते, म्हणजे उद्या तू पुन्हा मला ताई म्हणणार नाहीस.

आता कामाचं. गेरिट वकिलाकडे जानेवारीत जाईल, नाताळ मोडायला त्याला आवडत नाही. माझ्या वेळी सगळं मिळून चार महिने लागले. न्यायाधीश सही करेल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुझं नाव त्याच्या विम्यात राहतं. एप्रिल धर. पानवालीकडे याच आठवड्यात वेळ घे, आणि त्रासांची यादी पुन्हा नीट लिहून काढ. बाई ऐकून घेतात. औषधांनी मला तीन आठवड्यांत झोप लागायला लागली होती. तोवर तो पंखा वापर, फेकू नकोस. मीही फेकला नाही.

आणि तो वेगळ्या पत्त्याचा अर्ज भरण्यात आता वेळ घालवू नकोस. कागद घरीच येऊ देत. लपवायचं ज्याच्यापासून होतं, तो आता तिथे नसतो.

आर्लिस